पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: पत्रिका छापण्याआधी पंचांग उघडा

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

रत्नागिरीत पाहुणा शनिवारी सकाळी उतरतो आणि रविवारी संध्याकाळी परतीची गाडी धरतो. तेवढ्यात रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान आणि गणपतीपुळे उरकतो. निघताना रिक्षावाला त्याला सांगतो, पालखी परवाच आली होती हो आमच्याकडे, दोन दिवस आधी यायचं होतंत. हे दर वर्षी होतं. शिमगा, विसर्जन, जत्रा, किनाऱ्यावरचं फिरणं, यातलं काहीच शनिवार-रविवार बघून होत नाही. ते तिथीने आणि भरती-ओहोटीने होतं, आणि पाहुण्याच्या हातातल्या पर्यटनाच्या पत्रिकेवर नेमक्या त्याच दोन गोष्टी नसतात. आमचं मागणं तेवढंच आहे. नवा महोत्सव, नवा मंडप, नवी कमान यांतलं काही नको.

आधी शिमगा. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, होळ्या सुरू होतात. पुढे गावागणिक रीत बदलते. काही गावांचा मुख्य होम त्रयोदशीला, ते तेरसे शिमगे. बाकीच्यांचा पौर्णिमेला, ते भद्रेचे. त्यामुळे एका गावचा होम होऊन राख निवते तेव्हा शेजारच्या गावात होळीचा माड, म्हणजे होळीसाठी तोडून आणलेलं झाड, अजून उभा व्हायचा असतो. देवाला रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सजते, ढोल-ताशात सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसते, आणि होमानंतर घरोघर फिरायला निघते. रत्नागिरी शहराचं ग्रामदैवत श्री देव भैरी. त्याची पालखी झाडगावच्या सहाणेवर येते आणि पौर्णिमेपासून रंगपंचमीपर्यंत शहराचा सगळा डौल तिच्याभोवती असतो. खेड्यांत हा काळ आणखी लांबतो. काही ठिकाणी देव पाडव्याच्या सुमारास देवळात परततो.

याचा अर्थ पाहुण्याला हाताशी एक रात्र नसून चांगले दहा-बारा दिवस असतात, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. सगळे पौर्णिमेच्या रात्रीच येऊन गर्दी करतात. त्या रात्री गाडी लावायला जागा नाही, अंधारात होळीचा माड खांद्यांवरून येत असतो, तो वळवताना शेंड्याकडची माणसं मागे बघू शकत नाहीत, आणि नवखा माणूस मोबाइल उंचावून नेमका तिथेच उभा राहतो. नवख्याने पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत यावं. अंगणात रांगोळी असते, ओटी भरली जाते, मानकरी गाऱ्हाणं घालतात, भोवतालचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. सगळं हातभर अंतरावरून बघता येतं.

पत्रिकेत त्याच्यासाठी चार सूचना पुरतील. सहाणेवर चढू नये. मानकऱ्यांनी बोलावल्याशिवाय पालखीला खांदा किंवा हात लावू नये. ड्रोन पालखीच्या डोक्यावर आणू नये. नाचवताना पालखी वर उसळते आणि खालच्यांची नजर तिच्यावर असते. ओटी भरायची असेल तर खण, नारळ आणि तांदूळ घरून आणावेत, आयत्या वेळी गावात दुकान उघडं सापडेलच असं नाही.

घड्याळाची वेळ मात्र कृपा करून छापू नका. ‘रात्री ९ वाजता पालखी नृत्य’ असं छापलं की पाहुणा साडेआठला येतो, साडेदहाला कंटाळतो आणि अकराला निघून जातो. पालखी बाराला नाचते. वेळ गावकीत ठरते. एखाद्या घरी सुतक असलं की क्रम बदलतो. मानपानाचा वाद निघाला तर पालखी जागची हलत नाही, मग मंत्री येवोत की जिल्हाधिकारी. (राग नसावा.) म्हणून पत्रिकेत तिथी द्या, सहाण कुठे आहे ते द्या आणि त्या देवस्थानात कुणाला विचारायचं ते द्या.

याच दिवसांत नमन-खेळे, म्हणजे कोकणातली लोकनाट्यं, असतात. सरकारी रंगमंचावर नमन बघितलं की जीव कासावीस होतो. रात्रभर चालणारा प्रकार वीस मिनिटांत बसवतात. त्यात गण कसाबसा होतो, गवळणीतली मावशी दोन वाक्यं बोलते, संकासूर एक फेरी मारतो आणि निवेदक टाळ्या मागतो. वगापर्यंत गाडी पोहोचतच नाही. पाहुण्याला नमन दाखवायचंच असेल तर एसटीची एक बस रात्री आठला शहरातून गावी न्या आणि पहाटे परत आणा. मंचावरच्या रोषणाईपेक्षा डिझेल स्वस्त पडेल.

आता समुद्र. कोळीवाड्यात भरतीचा हिशेब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. प्रत्यक्षात अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण सहलीची आखणी करायला हे पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी.

या हिशेबाने होळीपौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, सगळीकडे किनारा एरवीपेक्षा रुंद दिसतो. ओली वाळू पायाला टणक लागते म्हणून लोक गाड्या खाली उतरवतात, फोटो काढतात, सूर्यास्ताची वाट बघत बसतात. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. चढाचे बारा भाग धरले तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मं पाणी आत येतं, आणि त्या दिवशी हे दोन तास साडेसात ते साडेनऊ, सूर्यास्तानंतरचे. एकूण चढ दोन मीटर धरला तर तिसऱ्या तासात अर्धा मीटर. किनाऱ्याचा उतार पन्नासास एक असेल तर तेवढ्यात पाण्याची कड पंचवीस मीटर आत सरकते. तोवर चाकांखालची वाळू पाणी पिऊन सैल झालेली असते. ॲक्सिलरेटर दाबला की चाक आणखी रुततं. सुटका झाली तरी खारं पाणी ब्रेकमध्ये आणि वायरिंगमध्ये गेलेलं असतं.

पोहणाऱ्यांचा धोका वेगळा. पाणी ओसरताना वाळूच्या दांड्यांमधल्या फटींतून ओढ धरून बाहेर जातं. तेवढ्याच पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाला नेमकी तीच जागा शांत वाटते. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारले तर दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून पट्ट्याबाहेर यावं लागतं. ‘येथे पोहणे धोकादायक आहे’ हा फलक सगळीकडे आहे आणि तो कुणी वाचत नाही, कारण तो तिन्ही त्रिकाळ तेच सांगतो. त्या जागी रोज खडूने त्या दिवशीच्या चार वेळा लिहिता येतील असा फळा लावा: आजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या. शेजारी ‘या वेळेत पाण्यात उतरू नये’ एवढी लाल पट्टी. मांडवी, भाट्ये, आरे-वारे आणि गणपतीपुळे, चार फळे. लिहायला स्थानिक जीवरक्षक आहेत.

विसर्जनालाही हाच हिशेब लागू आहे. दीड दिवसाचे गणपती पंचमीला निघतात. भरती पावणेचारला, म्हणजे अंधार पडताना पाणी बरंच उतरलेलं. गौरी-गणपती बहुतेक वेळा अष्टमी-नवमीच्या आसपास जातात, तेव्हा भरती ऐन संध्याकाळी. घरच्या विसर्जनाला इतकी सोयीची वेळ दुसरी नाही. अनंत चतुर्दशीला मात्र भरती साडेदहाची, सकाळी आणि रात्री, आणि मिरवणुका किनाऱ्यावर पोहोचतात पाच-सहाला. तेव्हा पाणी लांब गेलेलं. मोठी मूर्ती गुडघाभर पाण्यात ठेवून माणसं परततात. शाडूची असेल तर विरते. प्लास्टरची असेल तर दुसऱ्या दिवशी पाहुण्याला किनाऱ्यावर हात, सोंड, मुकुट बघायला मिळतात. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे एक मोठं विसर्जन दुसऱ्या रात्रीपर्यंत लांबलं, ते सगळ्या राज्याने दूरदर्शनसंचावर पाहिलं. भरतीची वही नाही, नुसती पाऊणपट केली असती तरी अंदाज आला असता.

गणपतीतल्या पर्यटनाबद्दल एक अप्रिय गोष्ट. त्या पाच दिवसांसाठी ‘कोकणात या’ अशी जाहिरात करू नका. इथला गणपती घरातला आहे, मांडवातला नाही. चाकरमान्यांनी रेल्वे, एसटी आणि महामार्ग भरलेला असतो. खानावळीचा आचारी, गाडीचा चालक, खोल्या झाडणारी बाई, सगळी आपापल्या घरी आरतीला. पाहुणा आला तर त्याला खोली मिळेल, पण जेवण मिळेलच असं नाही. गणपतीपुळ्यात तर घरोघर मूर्ती आणत नाहीत, देवळातला स्वयंभू गणपती हाच सगळ्यांचा. हे न कळल्याने ‘इथे उत्सव दिसत नाही’ म्हणून नाराज होणारे भेटतात. त्यांना विसर्जनानंतर बोलवा, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, रानफुलं असताना.

सड्यावरून कातळशिल्पांकडे. उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू ही आणि आणखी काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि बघ्यांची गर्दी वाढली. बहुतेक सहली दुपारी बाराला पोहोचतात, तेव्हा जांभ्यावर काही दिसत नाही. खोदकाम उथळ आहे, ते सावलीमुळे दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेचारनंतर तिरप्या उन्हात रेषा उठून येते. कशेळीचा हत्ती एवढा प्रचंड आहे की उभ्याने तो ओळखताच येत नाही, कुणीतरी सोबत चालत सोंड कुठली आणि पाय कुठला ते दाखवावं लागतं. फोटोत दिसावं म्हणून रेषेत खडू किंवा चुना भरतात, ते थांबवा. पायातले बूट काढायला लावा, आणि वाटाड्याशिवाय सोडू नका.

शहरातल्या वास्तूंबद्दल थोडक्यात. १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा, १९३१ चं पतितपावन मंदिर आणि टिळक आळीतलं जन्मस्थान एका सकाळीत होतं. रत्नदुर्ग संध्याकाळी ठेवावा, तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. यातल्या प्रत्येक वास्तूच्या फाटकावर साप्ताहिक सुट्टीचा वार मोठ्या अक्षरात लिहिला तरी अर्ध्या तक्रारी मिटतील.

पंचांगानेही न सुटणारी एक तारीख आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती आधी छापता येणार नाही. जाहीर झाली की त्याच दिवशी कळवण्याची सोय हवी.

बाकी सगळं आधी छापता येतं, आणि छापायची मुदतही ठरलेली आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढणाऱ्याला ठरवायला पंधरा दिवस धरले तर पत्रिका ७५ दिवस आधी हातात हवी. फाक पंचमीपासून मागे मोजलं की हा दिवस मार्गशीर्ष वद्य पंचमीच्या सुमारास येतो. मसुदा त्याआधी महिनाभर आमच्याकडे पाठवलात तर तिथ्या, सहाणी आणि भरतीच्या वेळा तपासून देऊ, विनामूल्य.

आपले,
रत्नागिरी परिसरातील घरगुती निवासवाले, वाटाडे आणि रिक्षाचालक