शुगर कमी झालेलीही ओळखता आली पाहिजे

संपादक महाशय,

कालच्या पुरवणीत डायबेटिसवर पानभर छापलंत, चांगलं केलंत, पण सगळा भर शुगर वाढू नये यावर आणि कमी झाली तर काय, याला शेवटी जेमतेम दोन ओळी. वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

माझे बाबा पुण्यातल्याच एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते. सकाळी सिस्टरने इन्सुलिन दिलं आणि नाश्त्याची ट्रॉली यायच्या आत वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन हजर, सोनोग्राफीला न्यायचंय, काही खायला देऊ नका. खाली नंबर काही लागेना. बाबा आधी गप्प गप्प झाले, मग बनियन घामाने चिंब, थरथरत्या हाताने शर्टाचं बटण भलत्याच काजात घालत बसले आणि मला आत्याच्या नावाने हाका मारायला लागले. काउंटरवर सांगितलं तर म्हणे वय झालंय आजोबांचं, पंख्याखाली बसवा. इन्सुलिनवरचा पेशंट, पोटात अन्नाचा कण नाही, दरदरून घाम, बरळतोय, आणि एकालाही ग्लुकोमीटर आठवू नये? मी आरडाओरडा केला तेव्हा कुठे वरून मशीन आलं. शुगर ४६! ७० च्या खाली गेली की लगेच साखर द्यायची असते, तर एकजण मारी बिस्किटं घेऊन आला. अहो, अशा वेळी ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून द्यायची, साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी परत चेक करायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, द्यावं लागतं.

डॉक्टरांना हे माहीत असतंच हो, पण दिवसभर पेशंटजवळ असतात त्या मावशी, वॉर्डबॉय, काउंटरवरची मुलं, त्यांना कोण शिकवणार? आणि मी घरून आणलेलं ग्लुकोजचं पाकीट आदल्याच दिवशी गेटवरच्या सिक्युरिटीने काढून घेतलेलं, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून. डायबेटिसच्या पेशंटला तरी हा नियम लावू नका!

सगळ्यात संताप आला तो संध्याकाळी. फाइलमध्ये सकाळच्या प्रकाराची नोंदच नाही, आणि सिस्टर इन्सुलिनची नेहमीएवढीच युनिट्स सिरिंजमध्ये भरून आल्या. मी हात आडवा घातला, डॉक्टरांना फोन लावायला लावला, मग डोस कमी झाला. ज्यांच्याजवळ कुणी बसलेलं नसतं त्यांचं काय होत असेल?

नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर उतरली आणि त्यात किडनी कमजोर असली तर एकदा साखर देऊन भागत नाही, काही तासांनी परत उतरू शकते, म्हणजे लक्ष ठेवायलाच लागतं.

उपाशीपोटी तपासणी असेल तर इन्सुलिन टोचायच्या आधी डोस किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारा आणि अशा पेशंटचा नंबर पहिला लावा, एवढं तरी हॉस्पिटलवाल्यांनी करावं. आणि तुम्ही पुढच्या पुरवणीत लो शुगरवर पूर्ण पान द्या, वॉर्डात भिंतीवर चिकटवता येईल असं.

एक वाचक, कोथरूड, पुणे