संध्याकाळी सहानंतरची कॅज्युअल्टी

महोदय,

इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, मुलांची गर्दी झाली की ‘पालक उगाच घाबरतात’ असं म्हणून विषय मिटवला जातो. पण गर्दीची वेळ पाहा. सकाळी तुरळक असलेली मुलं संध्याकाळी 6 नंतर वाढू लागतात. ताप मुळातच संध्याकाळी चढतो, दुपारच्या पॅरासिटामॉलचा परिणाम तोवर ओसरतो, आई-बाबा कामावरून परततात आणि सरकारी ओपीडी केव्हाच आटोपलेली असते. मग वाळपई असो की काणकोण, गाडी थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात.

यातल्या अनेक फेऱ्यांमागे औषधाचं चुकलेलं माप असतं. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: किलोला 15 मिलिग्रॅम, 6 तासांच्या अंतराने, दिवसात फार तर 4 वेळा. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 125 च्या (5 मिलित 125 मिलिग्रॅम) सिरपचे 6 मिलि, 250 च्या (5 मिलित 250 मिलिग्रॅम) सिरपचे 3 मिलि आणि मिलिला 100 मिलिग्रॅम असलेल्या ड्रॉप्सचे फक्त दीड मिलि. मूल वाढलं तरी गेल्या वर्षीचंच माप चालू राहिलं तर ताप हटत नाही. उलट ड्रॉप्स 5 मिलिच्या चमच्याने पाजले तर एका घोटात 500 मिलिग्रॅम पोटात जातात. बाटली देताना औषधवाल्याने खोक्यावर मिलिचा आकडा पेनाने लिहून दिला तरी पुष्कळ.

ओआरएसचंही तसंच. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ते पाणी इतकं खारट होतं की जुलाब वाढतात. मुलाने ओकी केली तर 10 मिनिटं थांबून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. पेला तोंडाला लावला की पुन्हा ओकी ठरलेली, आणि सलाईनसाठी रात्रीची धावपळही.

खरी काळजी उशिरा येणाऱ्या मुलांची. खोकल्याचं औषध चालू आहे म्हणून श्वासाकडे कुणी बघत नाही. मूल शांत असताना पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिटभर मोजावं. 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छाती आत ओढली जात असेल तर 108. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. पावसाळ्यात डेंग्यू फसवतो: ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात आणि नेमकं तेव्हाच पोटात कळा, सततची ओकी, थंडगार हातपाय सुरू होतात. आयब्युप्रोफेन तर या तापात देऊच नये.

आरोग्य संचालनालयाला दोन सूचना. कॅज्युअल्टीच्या नोंदवहीत रुग्णाची वेळ, वय, गाव आणि तक्रार असतेच. मुलांच्या नोंदी वेगळ्या काढून तालुकावार, तासवार मांडाव्यात. सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे या तालुक्यांतून जिथे ओघ जास्त दिसेल तिथल्या आरोग्य केंद्रात संध्याकाळी 5 ते 9 बालरोग ओपीडी सुरू करावी, आठवड्यातून तीन दिवस का होईना. सोमवार त्यात धरावाच. रविवारभर घरी थोपवलेली दुखणी त्या दिवशी येतात. तिथे वजनकाटा, नेब्युलायझर आणि बोटाला लावायचा मुलांचा ऑक्सिमीटर हवा. मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्याच्या बोटाला बसत नाही आणि भलताच आकडा दाखवतो.

— एक बालरोगतज्ज्ञ, फोंडा