क्रमांक 214

स्टुटगार्ट,
12 ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. माझी प्रकृती उत्तम आहे, थंडी नुकतीच सुरू झाली असली तरी घर गरम असते आणि नोकरीचे सगळे फोनवर बोलून झालेच आहे, म्हणून येथे पुन्हा लिहीत नाही. बाबा, ‘हल्ली मराठी काही वाचतेस की नाही’ या तुमच्या ओळीतले ‘की नाही’ मला जरा लागले. निघताना तुम्ही वहीत नोंदवून दिलेली 19 पुस्तके माझ्या खोलीत, खिडकीपासून दूर, कोरड्या भिंतीला लागून सुखरूप आहेत आणि त्यांची खाकी कव्हरेही शाबूत आहेत. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकांचे पार्सल जानेवारीत मिळाले, तरी एकही अंक न वाचता ठेवलेला नाही. आईला सांगावेसे वाटते की ऑगस्टमध्ये डोळे तपासून घेतले आणि चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. जेवताना पुस्तक उघडे असते हे मात्र खरे आहे. समोर कोणी बसलेले नसताना ताटाकडे पाहत बसण्यापेक्षा ते बरे वाटते.

‘स्मृतिचित्रे’ मी कितव्यांदा वाचते आहे ते आता मोजत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे रागावणे आणि लगेच स्वतःलाच हसणे वाचताना मला आईचा आवाज ऐकू येतो, एवढे कारण पुरेसे आहे. ‘रणांगण’विषयी मात्र माझे मत बदलले. कॉलेजात असताना ती कादंबरी मी एका दुपारी संपवली होती आणि तुम्ही विचारल्यावर ‘बरी आहे’ एवढेच म्हटले होते. विश्राम बेडेकरांचे हे पुस्तक 1939 चे आहे आणि त्यातली ज्यू हॅर्टा जर्मनीतूनच बाहेर पडलेली आहे, या गोष्टी तेव्हा मला परीक्षेपुरत्या ठाऊक होत्या. येथे काही घरांच्या दारासमोर फुटपाथमध्ये तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले आहेत. त्या घरात राहणाऱ्या आणि नाझींनी धरून नेलेल्या माणसाचे नाव, जन्मवर्ष आणि त्याला कोठे नेले हे त्यांवर कोरलेले असते. आमच्या रस्त्यावर असे दोन आहेत आणि बसकडे जाताना रोज माझा पाय त्यांच्यापाशी अडखळतो. त्यामुळे या वेळी वाचताना मी बोटीवरच्या प्रेमापेक्षा, बोटीवर चढण्याआधी हॅर्टाने कोणत्या दाराकडे वळून पाहिले असेल याचाच विचार करत राहिले. कादंबरीचा नायक चक्रधर मुंबईला उतरतो, कारण त्याला उतरायला गाव आहे. मलाही आहे, आणि माझे तिकीट तर केव्हाही निघू शकते, तरी या दिवाळीचे मी काढलेले नाही.

आता येथल्या एका चालीविषयी लिहिते, कारण फोनवर तुमचा विश्वास बसला नव्हता. आमच्या कोपऱ्यावर काचेच्या दारांचे, टेलिफोन बूथएवढे एक कपाट उभे आहे. त्याला ब्यूशरश्रांक, म्हणजे पुस्तकांचे कपाट, असेच म्हणतात. त्याला कुलूप नाही, शेजारी माणूस बसत नाही, रजिस्टर नाही, अनामत नाही, वर्गणी नाही. ज्याला पुस्तक नको असेल तो ते तेथे ठेवतो आणि ज्याला हवे असेल तो ते उचलून नेतो. नेलेले परत आणावे असे बंधन नाही आणि नेण्यासाठी एखादे ठेवावेच लागते असेही नाही. रात्री दोन वाजताही दार उघडते. पावसाचे पाणी आत जात नाही, कारण दाराला रबराची पट्टी आहे, हे मी तुमच्यासाठी मुद्दाम पाहून ठेवले. लोक चोरून नेऊन विकत नाहीत का, असे तुम्ही विचाराल. फुकट दिलेल्या वस्तूची चोरी कशी करायची, असे शेजारच्या बाईंनी मलाच विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. आपल्याकडे नगर वाचन मंदिरात पुस्तक दोन दिवस उशिरा गेले तरी तुम्ही अस्वस्थ होत असा, आणि घरातले पुस्तक बाहेर गेले तर वहीत नाव, तारीख आणि वाचकाचा स्वभाव अशी तिहेरी नोंद होत असे. त्या संस्कारात वाढल्यामुळे पहिले तीन महिने मी त्या कपाटातून काही घेतले नाही. घेताना दोन्ही बाजूंना पाहावेसे वाटे. शिवाय जर्मन पुस्तकांच्या कण्यावरची नावे खालून वर छापलेली असतात, म्हणून मान आपल्या सवयीच्या उलट बाजूला वाकवावी लागते, आणि तशा अवस्थेत माणूस अधिकच संशयास्पद दिसतो. नवे पुस्तक घ्यायचे तर त्याची किंमत कायद्याने सगळ्या दुकानांत सारखीच असते, त्यामुळे अप्पा बळवंत चौकात तुम्ही सवलतीसाठी करता तसे या दुकानातून त्या दुकानात फिरणे येथे निरर्थक ठरते.

‘ययाति’विषयी तुम्ही पुन्हा विचारले आहे. ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाविषयी असे लिहू नये हे मला समजते, पण खांडेकरांची ती कादंबरी मला तिसऱ्या प्रयत्नातही आवडली नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कहाणी सांगतात, परंतु तिघांचीही भाषा एकच आहे आणि तिघांनाही सुविचार बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही ती तरुणपणी वाचलीत, तेव्हाचे वय तिला अनुकूल असावे. मी याहून अधिक बोलणार नाही.

इमारत पुनर्विकासाला जाणार आणि भाड्याच्या दोन खोल्यांत पुस्तके मावणार नाहीत, म्हणून निम्मी रद्दीत द्यावीत असे आईने लिहिले आहे. कृपा करून तसे करू नये. कालच तुमच्या खात्यावर 80,000 रुपये पाठवले आहेत; त्यातून एक खोली जास्त असलेले घर पाहावे. ‘तुझे पैसे नकोत’ असे बाबांनी म्हणू नये, कारण ते पुस्तकांसाठी आहेत. औंधच्या स्थळाविषयी लिहायचे तर त्या मुलाशी मी दोनदा बोलले. त्याच्या माहितीपत्रकात वाचनाची आवड लिहिली होती, ती त्याच्या आत्याने घातली असे त्याने स्वतःच कबूल केले. मी अजून नकार दिलेला नाही, एवढेच आईने त्याच्या घरी कळवावे; होकार दिला असे कळवू नये. फेब्रुवारीत नक्की येते.

तुमची,
धाकटी

ता. क. – वर 19 लिहिले आहे, ते 18 असे वाचावे. जूनमध्ये घर बदलताना मी ‘ययाति’ त्या कपाटात ठेवली. पुढचे पाच रविवार ती खाकी कव्हरात तेथेच होती. परत घ्यावी असे दर वेळी वाटले, पण दिलेले परत घेताना कोणी पाहील याची लाज वाटली. सहाव्या रविवारी ती नव्हती. बाबा, वहीत क्रमांक 214 पुढे माझे नाव लिहून ठेवा.