काका, तुम्ही होतात म्हणून लिलावातलं घर घेतलं

आदरणीय काकांना,
सप्रेम नमस्कार.

बँकेने दिलेल्या विक्री प्रमाणपत्राची नोंदणी झाली, इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, हातात आला. त्यावर आम्हा दोघांची नावं वाचली आणि सगळ्यात आधी तुमची आठवण झाली. समोर येऊन आभार मानले तर तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलणार, म्हणून हे उघड पत्र. शिवाय डोंबिवलीत आमच्यासारखे भाड्याने राहून बँकेच्या लिलावाच्या जाहिराती चाळणारे पुष्कळ आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

पहिली जाहिरात घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. स्टेशनपासून चालत जाण्याएवढं अंतर आणि राखीव किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती, बाजारभावापेक्षा बरीच कमी. तुम्ही किमतीकडे पाहिलंही नाहीत. चष्मा कपाळावर सरकवलात, कागद डोळ्यांजवळ नेलात आणि ताब्याचा रकाना शोधून 'सांकेतिक' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्यात. "दारावर फक्त नोटीस चिकटली आहे, आत माणसं राहतायत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला थकीत कर्जाच्या वसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागेल. तोवर तुम्ही हप्ताही भराल आणि भाडंही." उभी हयात बँकेच्या वसुली विभागात काढलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. आम्ही तो फ्लॅट सोडला.

दुसऱ्या घराचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे होता, तरी तुम्ही सहजासहजी हो म्हणाला नाहीत. मूळ कागदपत्रांचा शोध वकिलांकडून घ्यायला लावलात. कर्जवसुली न्यायाधिकरणात कर्जदाराच्या नावाने काही दावा चालू आहे का, ते तुम्ही स्वतः तपासलंत. 'जे आहे जेथे आहे', म्हणजे आहे त्या स्थितीत, या अटीवर विकलेल्या घराची जुनी देणी आपल्या गळ्यात पडू शकतात, म्हणून त्या उन्हात आमच्याबरोबर सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आलात आणि थकबाकीचा आकडा लेखी घेऊनच उठलात. मालमत्ता कर आणि वीजबिलाचंही तसंच. हे सगळे आकडे बोलीच्या रकमेत मिळवून तुम्ही एका चिठ्ठीवर आमची कमाल मर्यादा लिहून दिलीत.

त्या चिठ्ठीचं मोल ऑनलाइन लिलावाच्या दिवशी कळलं. राखीव किमतीच्या 10 टक्के बयाणा आधीच भरलेला. शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ पाच मिनिटांनी वाढायची, पुन्हा बोली, पुन्हा पाच मिनिटं. समोरचा मागे हटत नव्हता आणि ह्यांचा हात थरथरत होता. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसलात, चिठ्ठी की-बोर्डवर ठेवलीत आणि एक शब्दही बोलला नाहीत. त्या आकड्याच्या थोडं अलीकडेच आमची बोली टिकली.

पुढची धावपळ किती मोठी असते, हे लिलावात उतरू पाहणाऱ्यांनी जरूर ऐकावं. बयाणा धरून 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायची. उरलेली 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तर ठीक, नाहीतर भरलेले पैसे जप्त. आमचं कर्ज आधीच मंजूर होतं, कारण मंजुरीपत्र हातात असल्याशिवाय बोली लावू देणार नाही, असं तुम्ही निक्षून सांगितलं होतंत. अशा घराला कर्ज द्यायला बँका काचकूच करतात. तिसऱ्या बँकेच्या मॅनेजरना तुम्हीच कागद समजावून सांगितलेत.

पण काका, मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते माळ्यावरच्या पेटीबद्दल. बँकेने ताबा घेताना केलेल्या सामानाच्या यादीतून जुन्या मालकांची ती पत्र्याची पेटी निसटली होती. आत शाळा सोडल्याचे दाखले, एका मुलीची गुणपत्रकं, लग्नाचा अल्बम. साफसफाईवाला ती भंगारात घालायला निघाला होता. तुम्ही त्याला थांबवलंत, बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना फोन लावलात आणि त्या कुटुंबाकडे निरोप धाडलात. पेटी न्यायला ते गृहस्थ आले तेव्हा तुम्ही त्यांना आत बोलावून बसवलंत, पाणी दिलंत, मुलीच्या शिक्षणाची चौकशी केलीत. धंदा बुडाला आणि हप्ते थकले, एवढंच ते म्हणाले. लिलावाची जाहिरात निघण्याआधी पूर्ण थकबाकी भरता आली असती तर हे घर त्यांचंच राहिलं असतं. त्या घरात आता आम्ही राहणार आहोत. ही जाणीव ठेवून आम्हाला तिथे पाऊल टाकता आलं ते तुमच्यामुळे.

येत्या रविवारी वास्तुशांत आहे. काकूंना घेऊन सकाळीच या, जेवण आमच्याकडेच. आणि पूजेला आमच्या शेजारी घरातलं वडीलधारं माणूस म्हणून तुम्ही दोघांनी बसायचं आहे. ह्यांनी गुरुजींना तसं सांगूनही ठेवलंय, तेव्हा नाही म्हणू नका.

आपली कृतज्ञ,
तुमच्या खालच्या मजल्यावरची भाडेकरू