द्राक्षाचा वास खोटा नव्हे

कृत्रिम स्वादांवरील लेख वाचला. ‘द्राक्षाच्या गोळीतील वासाचा द्राक्षाशी काडीचाही संबंध नाही’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. तो वास मुख्यतः मिथाइल अँथ्रॅनिलेट या रसायनाचा. उत्तर अमेरिकेतील गडद जांभळ्या काँकर्ड द्राक्षांत ते निसर्गतःच असते. चमेलीत आणि संत्र्याच्या फुलांतही असते. खाण्याची बहुतेक द्राक्षे मात्र युरोपीय जातीची आहेत आणि त्यांत ते जवळपास नसतेच, म्हणून गोळीचा वास परका वाटतो. कारखान्यात तयार झालेला रेणू फळातल्या रेणूसारखाच असतो. तो कागदाच्या पट्टीवर घेऊन हुंगावा: आधी पिकलेले द्राक्ष, मागोमाग फुलांचा गोडवा. पक्ष्यांना मात्र तो झोंबतो; त्यांना पिटाळण्यासाठी पिकांवर तो फवारतात. लेखात याचा उल्लेख हवा होता.

— एक वाचक