डायल दाखवतो एक आणि कॅमेरा करतो भलतंच

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: रेट्रो डिझाइनच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याचे डायल, त्याची पकड आणि सुटत चाललेलं लेदर याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमचा जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखा दिसणारा फुल फ्रेम कॅमेरा मी घेतलाय आणि चांगला रगडून वापरलाय, त्यामुळे बॉक्स उघडल्या उघडल्या नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. तुमच्या सर्व्हिस सेंटरला आधी मेल केली होती, त्यावर "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" असं छापील उत्तर आलं आणि विषय बंद. म्हणून आता सविस्तर लिहितेय, जरा मोठं होईल, पण वाचा.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, नाहीतर म्हणाल बाईंना काहीच पटत नाही. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, अप्रतिम आहे. ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फिल्मच्या फ्रेमएवढाच, आणि क्रॉप सेन्सरच्या (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या छोट्या सेन्सरच्या) सव्वादोन पटीहून जास्त क्षेत्रफळ, त्यामुळे कमी उजेडात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला काढलेला फोटोसुद्धा बिनधास्त प्रिंट करता येतो. डोळ्यावरचा ऑटोफोकस अंधारातही सुटत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरणारी सोय) इतकं चांगलं की १/८ सेकंदाच्या शटरला हातात धरून फोटो शार्प येतात. ब्लॅक अँड व्हाइटसाठी वेगळा खटका दिलाय त्याला लोक हसतात, मला मात्र तो फार आवडतो, कारण खटका ओढला की व्ह्यूफाइंडरमध्येच सगळं काळंपांढरं दिसतं आणि डोकं आपोआप उजेडाकडे बघायला लागतं. डायल धातूचे आहेत, फिरवताना टक टक लागतात, आकडे नुसते छापलेले नाहीत तर कोरलेले आहेत. हे सगळं मान्य.

पण मुळात कॅमेऱ्याला डायल कशासाठी असतो ह्याचा तुम्ही कधी विचार केलाय का? कॅमेरा बंद असताना, डोळ्याला न लावता, वरून एक नजर टाकली की सेटिंग कळावं म्हणून. १९८२ चा निकॉन एफएम२ बघा. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी मेली तरी १/४००० सेकंदापर्यंत चालणार, आणि डायलवर २५० दिसतंय म्हणजे शटर १/२५० लाच उडणार, त्याला दुसरं काही जमतच नाही. पेंटॅक्स के१००० तर १९७६ पासून १९९७ पर्यंत विकला गेला, त्यात शटरचा डायल, लेन्सवर अपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) रिंग आणि उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई सोडली तर शिकण्यासारखं फार काही नव्हतंच. तुमच्या कॅमेऱ्यात डायल दिसायला तेच, पण खरं बोलतीलच असं नाही.

कसं ते सांगते. शटरच्या डायलवर ६०, १२५, २५० असे फुल स्टॉपचेच, म्हणजे दर टप्प्याला उजेड निम्मा करणारे, आकडे आहेत. आता जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, अशा उजेडात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर वापरलं की फोटोत आडवे पट्टे येतात आणि ते टाळायला शटर १/५० किंवा १/१०० ठेवावा लागतो, आणि हे दोन्ही आकडे तुमच्या डायलवर नाहीत. मग डायल "१/३ स्टेप" वाल्या खुणेवर न्यायचा आणि बोटाखालच्या चाकाने स्पीड बदलायचा. घरात, ऑफिसात, हॉलमध्ये, कुठेही आत शूटिंग असलं की माझा तो दिमाखदार डायल त्या एकाच खुणेवर पडून असतो आणि काम सगळं चाक करतं. मग साध्या कॅमेऱ्याने माझं काय घोडं मारलं होतं?

आयएसओचं तर त्याहून गमतीशीर. फिल्मच्या जमान्यात रोल ४०० चा टाकला की ३६ फोटो ४०० चेच, डायल फक्त मीटरला सांगायला होता, एकदा लावला की विसरायचा. डिजिटलमध्ये आयएसओ फोटोगणिक बदलतो, आणि बहुतेक जण ऑटोवर ठेवतात. तर तुमच्या आयएसओ डायलवर ऑटोची खूणच नाही! ऑटो चालू करायला मेन्यूत जा, आणि चालू केलं की डायलवरचा आकडा म्हणजे नुसती खालची मर्यादा, डायल ४०० दाखवतोय आणि कॅमेरा खुशाल ३२०० वापरून मोकळा. वर त्या डायलला लॉकचं बटण, जे प्रत्येक वेळी दाबून धरल्याशिवाय डायल हलत नाही. ज्याला कोणी चुकून हात लावणार नाही त्याला कुलूप, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा (फोटो उजळ-गडद करायचा) डायल, जो बॅगेतून काढताना हमखास फिरतो, तो उघडा. हे कोणी ठरवलं?

कस्टम मोडमध्ये (आधी सेव्ह केलेली सेटिंग वापरताना) तर सरळ सरळ फसवाफसवी आहे. सेव्ह केलेला शटर १/५०० आणि डायल १२५ वर असला की कॅमेरा ५०० ने उडतो, डायल बापडा १२५ च सांगत बसतो. आणि अपर्चर? एक्स्पोजरच्या तीन बाजूंपैकी (शटर, आयएसओ, अपर्चर) दोन वरती कोरलेल्या आणि तिसरी गायब, कारण कॅमेऱ्यासोबत जी लेन्स देता तिला अपर्चरची रिंगच नाही. सजावटीला रिंगसारखी एक रुपेरी पट्टी मात्र आहे, फिरत नाही ती, नुसती आहे. ती पट्टी बघून माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं.

आता पकड. जुन्या कॅमेऱ्यांना पुढे ग्रिप नव्हती हे खरं, पण त्यांच्यावर ५० एमएमची छोटीशी लेन्स असायची आणि एफएम२ ची बॉडी जेमतेम ५४० ग्रॅमची. शिवाय रोल पुढे सरकवायचा तो लिव्हर थोडा बाहेर ओढून ठेवला की अंगठा त्याच्या मागे बरोबर अडकायचा, पकड तिथून यायची. तुम्ही लिव्हर काढला (डिजिटलला नकोच तो, बरोबर आहे) पण त्या जागी अंगठ्याला काहीच दिलं नाही, पुढचा भाग सपाट ठेवला, आणि त्यावर पाऊण किलोच्या वरचा झूम लावायला सांगता. संपूर्ण दिवस शूट केलं की करंगळी आणि मनगट दोन्ही बोलायला लागतात. मग ग्रिप घ्या म्हणे, वेगळी. जी बॉक्समध्येच असायला हवी होती. बरं ती लावली की कॅमेरा रेट्रो दिसत नाही, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच झाकलं जातं.

जुन्या मॅन्युअल लेन्स लावायची मजा हा ह्या कॅमेऱ्याचा मोठा प्लस पॉइंट आहे आणि त्याची जाहिरात तुम्ही स्वतःच करता. व्ह्यूफाइंडरमध्ये झूम करून फोकस लावणं फिल्म कॅमेऱ्यापेक्षाही सोपं जातं, ह्यात दुमत नाही. पण मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीत माउंट (लेन्स बसते ती जागा) ते सेन्सर अंतर कमी, जुन्या एसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) लेन्सला साधारण ४५ मिलिमीटर लागतं, मग मधली जागा भरायला अ‍ॅडाप्टरची नळी येते आणि छोटी लेन्स एकदम लांबलचक होऊन बसते. ती तुमची चूक नाही, फिजिक्स आहे. तुमची चूक ही की स्टॅबिलायझेशन नीट चालायला लेन्सची फोकल लेंथ (५० एमएम, १३५ एमएम हा आकडा) हाताने भरावी लागते आणि ते मेन्यूत पार तळाशी लपवलंय. ५० काढून १३५ लावली आणि आकडा बदलायचा राहिला तर स्टॅबिलायझेशन चुकीच्या हिशोबाने चालणार. एवढे डायल आहेत, एक बटण ह्या कामाला लावू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मी सगळी बटणं तपासली, त्या यादीत हा पर्यायच नाही.

आणि सगळ्यात साधी, पण राग आणणारी गोष्ट म्हणजे लेदर. पाठीमागे अंगठा टेकतो त्या कोपऱ्यात ते सुटायला लागलंय. आधी कडेला नखाएवढी फट पडली, मग घामाने गोंद चिकट होऊन बाहेर यायला लागला, आता तो कोपरा वर उचललाय आणि खालचं काळं प्लास्टिक दिसतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले "कॉस्मेटिक आहे, वॉरंटीत बसत नाही". अहो, दिसण्यावरच तर हा कॅमेरा विकलात! आतला सेन्सर, प्रोसेसर सगळं तुमच्याच साध्या मॉडेलमध्येही मिळतं, ते जास्त हलकं आहे आणि हातात नीट बसतं. रूपासाठी जास्त पैसे घेतले तर रूप टिकवायची जबाबदारीही घ्या.

मैत्रिणी विचारतात घेऊ का, तर मी सरसकट नाही म्हणत नाही. निवांत फिरून फोटो काढणारी असेल, ३५ किंवा ५० ची छोटी प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावणारी असेल, तर घे म्हणते, हा कॅमेरा हातात असला की बाहेर पडावंसं वाटतं आणि ही काही छोटी गोष्ट नाही. धावपळीचं काम, मोठे झूम, दर मिनिटाला बदलणारा उजेड असं असेल तर ह्याच्या वाटेला जाऊ नकोस म्हणते. हे खरं तर तुमच्या जाहिरातीत लिहायला हवं, पण तिथे फक्त "फिल्मचा अनुभव" एवढंच.

माझं म्हणणं असं की लेदर वॉरंटीत बदलून द्या, ते मी सोडणार नाही. आयएसओ डायलचं टोकाचं एक स्थान ऑटोसाठी देणं आणि फोकल लेंथ बटणावर आणणं हे फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये) होण्यासारखं आहे, त्याला नवीन कॅमेरा काढायची गरज नाही, तर कधी करणार ते कळवा. डायल आणि खरं सेटिंग वेगळं असेल तेव्हा निदान व्ह्यूफाइंडरमध्ये तो आकडा वेगळ्या रंगात दाखवा. अपर्चर रिंगवाल्या लेन्स काढणार आहात की नाही तेही सरळ सांगा, म्हणजे थांबायचं की सगळं विकून टाकायचं ते मला ठरवता येईल.

बिलाची कॉपी, सीरियल नंबर आणि सुटलेल्या लेदरचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर छापील नको, कॅमेरा स्वतः वापरणाऱ्या कोणीतरी लिहिलेलं हवंय.

कळावे,
तुमची एक ग्राहक