खोकला दाबू नका, कफ बाहेर काढा

मा. संपादक,

खोकल्याचे उपाय पेपरात नेहमी येतात, कुठलं सिरप घ्या, काय प्या वगैरे, पण सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्या मुलीला हा आजार आहे आणि तिला खोकताना बघितलं की लोक लगेच सांगतात अगं काहीतरी दे ना थांबायला. पण तो थांबवायचाच नाहीये! या आजारात सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये दोष असतो, पेशींमधून मीठ आणि पाणी नीट ये-जा करत नाही, त्यामुळे श्वासनलिकांतला कफ घट्ट आणि चिकट होतो, तो आपोआप वर सरकत नाही, मग त्यात स्यूडोमोनाससारखे जंतू घर करतात आणि परत परत इन्फेक्शन होऊन नळ्या कायमच्या खराब होतात.

म्हणून रोज चेस्ट फिजिओथेरपी. आधी नेब्युलायझरने खारं पाणी, त्याने कफ सैल होतो, मग तिला एका कुशीवर झोपवून तळहाताची वाटी करून पातळ कपड्यावरून बरगड्यांवर थोपटायचं, पोकळ आवाज आला पाहिजे, चापट मारल्यासारखा नाही, आणि पाठीचा कणा, पोट सोडून. जेवणानंतर लगेच करायचं नाही, उलटी होते. आता मोठी झाल्यावर ती स्वतःच करते, खोल श्वास घ्यायचे, दोन-तीन सेकंद धरायचे आणि मग हफ, म्हणजे तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतो तसा जोरात श्वास सोडायचा. हफने कफ मोठ्या नळीत येतो आणि थोड्याशा खोकल्यात बाहेर पडतो, उगाच खोकून खोकून जीव दमत नाही. काहींना पेप मास्क किंवा फ्लटर, म्हणजे श्वास सोडताना थोडा अडथळा देऊन कफ सुटायला मदत करणारी छोटी साधनं, जास्त जमतात. श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक मात्र हे सगळं झाल्यावरच, नाहीतर औषध कफावरच बसून राहतं.

सगळ्यात मोठी अडचण बऱ्या दिवसांची. मूल खेळतंय, खोकला नाही, मग कशाला त्रास द्यायचा असं घरातलेच म्हणतात, आणि कफ तर आत साठतच असतो, फक्त आवाज करत नाही. हे आजीआजोबांना, शाळेतल्या बाईंना कळलं तर आमचं निम्मं काम सोपं होईल. आणि कृपा करून व्हिडिओ बघून कोणी सुरू करू नका, फिजिओथेरपिस्टकडून हात धरून शिकून घ्या, तान्ह्या बाळाला तर डोकं खाली करून अजिबात झोपवू नका. थुंकीत रक्त दिसलं तर थोपटणं थांबवून आधी डॉक्टरांना फोन.

तुमच्या आरोग्य पानावर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून फोटोंसकट हे सविस्तर लिहून घ्याल का?

– एक आई